रेषालेखन, संगणकीय

संगणकीय रेषालेखन : दोन अंत्यबिंदूंचे सहनिर्देशक दिले असता त्यांना जोडणारा सरळ रेषाखंड आलेखकाच्या कागदावर किंवा दर्शक पडद्यावर उमटविण्याच्या क्रियेस संगणकीय रेषालेखन म्हणतात आणि ती पार पाडणाऱ्या आज्ञासमूहास रेषालेखन फलन म्हणतात. नकाशे, यंत्रभागांचे आराखडे, सांख्यिकीय आलेख इ. आकृत्या बव्हंशी अशा रेषाखंडांच्याच बनलेल्या असल्याने या फलनास संगणकीय चित्रणात पायाभूत स्थान आहे.

यूक्लिडीय भूमितीत दोन भिन्न बिंदूंमधून एक आणि एकच सरळ रेषा जाते. तिला लांबी असते पण जाडी नसते. दर्शक पडद्याची स्थिती याहून वेगळी आहे. आलेख कागदाप्रमाणे तो लहानलहान घरांत विभागलेला असतो. या प्रत्येक घरास चित्रबिंदू म्हणजेच पिक्सेल म्हणतात. चित्रबिंदू एक तर पूर्ण उजळतो किंवा मुळीच उजळत नाही, असे मानले तर तिरपी रेषा काढणे म्हणजे मूळ रेषेला निकटतम अशा चित्रबिंदूंची निवड करणे होय. अशी निवड एकाहून अधिक प्रकारांनी करता येते आणि येथेच या विषयातील अडचणींचा उगम आहे.

सर्वसाधारण रेषेसाठी समाधानकारक रीत १९६२ मध्येच उपलब्ध झाली. त्यानंतरच्या इतिहासाचा फार मोठा भाग सीमावर्ती प्रसंगांनी व्यापलेला आहे. रेषा अगदी उभी असेल, तिची लांबी शून्य असेल, ती दोन चित्रबिंदूंच्या नेमकी मधून जात असेल, तिचे टोक दुसऱ्या रेषेच्या टोकाशी जुळत असेल किंवा ती पडद्याच्या कडेबाहेर जात असेल, तर काय करावयाचे, हे ते प्रसंग होत. यांपैकी काहींची उत्तरे गणिताने मिळाली. पुष्कळांची मात्र केवळ परस्परमान्य संकेताने ठरवावी लागली. संकेत लिखित स्वरूपात निश्चित होईपर्यंत एकाच आज्ञावलीने काढलेले चित्र दोन यंत्रांवर भिन्न उमटण्याचा संभव राहिला.

आरंभ : संगणकाच्या ऋण किरण नलिकेवर प्रथम सुटे बिंदूच दाखविले जात. आयव्हन सदरलँड यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकावर तयार केलेल्या व १९६३ मध्ये प्रबंधरूपाने मांडलेल्या स्केचपॅड या प्रणालीतही रेषा ओळीने बिंदू उजळवूनच दाखविली जाई. याच सुमारास यांत्रिक आलेखकही प्रचारात आले होते. कॅलकॉम्प या कंपनीने १९५९ मध्ये बाजारात आणलेल्या ५६५ या आलेखकात कागद गुंडाळलेला पिंप मागेपुढे फिरे आणि लेखणी डावीउजवीकडे सरके. एक पाऊल इंचाच्या शंभराव्या भागाएवढे असे. या दोन हालचालींच्या संयोगाने लेखणीस केवळ आठ दिशांनी जाता येई. त्यामुळे अन्य कोणत्याही दिशेची रेषा या आठ दिशांच्या पावलांची शृंखला म्हणूनच काढावी लागे.

अशी शृंखला ठरविण्याची सरळ रीत म्हणजे रेषेचा उतार काढावयाचा, क्ष-सहनिर्देशक एकेकाने वाढविताना य-सहनिर्देशकात दर वेळी उतार मिळवावयाचा आणि येणारी संख्या नजीकच्या पूर्णांकात मांडावयाची. या रीतीत भागाकार व अपूर्णांक टाळता येत नाहीत आणि अपूर्णांकांतील अल्प त्रुटी पावलागणिक साचत जातात. त्या काळातील लहान संगणकांना हा भार जड होता. आयबीएम १४०१ या संगणकात तर गुणाकार व भागाकार करणारी यंत्रणा ऐच्छिक असून वेगळी मागवावी लागे.

जॅक ब्रेझनहॅम हे आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करीत असताना १४०१ संगणकास कॅलकॉम्प आलेखक जोडण्यात आला होता. त्यासाठी त्यांनी १९६२ मध्ये केवळ पूर्णांकांच्या बेरजा-वजाबाक्यांवर चालणारी रीत तयार केली. १९६३ मध्ये डेन्व्हर येथील संगणकविषयक राष्ट्रीय अधिवेशनात त्यांनी ती मांडली व १९६५ मध्ये ती आयबीएम सिस्टिम्स जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ब्रेझनहॅम रीत या नावाने ती आजही शिकविली जाते.

या रीतीचे तत्त्व (०,०) पासून (५,२) पर्यंतच्या रेषेवरून स्पष्ट होईल. येथे क्ष-अंतर ५ व य-अंतर २ आहे. प्रारंभी य-अंतराच्या दुपटीतून क्ष-अंतर वजा करून –१ ही निर्णयसंख्या मिळते. संख्या ऋण असल्यास फक्त उजवीकडे पाऊल टाकावयाचे व तीत ४ मिळवावयाचे. ऋण नसल्यास उजवीकडे व वर असे तिरपे पाऊल टाकावयाचे व तीतून ६ वजा करावयाचे. अशा प्रकारे निर्णयसंख्या क्रमाने –१, ३, –३, १, –५ अशी बदलते आणि (०,०), (१,०), (२,१), (३,१), (४,२), (५,२) हे बिंदू मिळतात. सर्व गणित पूर्णांकांत झाल्याने त्रुटी साचत नाही आणि रेषा अंत्यबिंदूवर अचूक पोहोचते.

उतार व दिशा : वरील नियम शून्य ते एक या उताराच्या व उजवीकडे जाणाऱ्या रेषेस लागू पडतो. उतार एकाहून अधिक असताना क्ष-सहनिर्देशक एकेकाने वाढविल्यास बिंदू विरळ पडून रेषा तुटक दिसते. रेषा उभी असेल, तर क्ष-अंतर शून्य होऊन उताराच्या गणितात शून्याने भागण्याचा प्रसंग येतो. पूर्णांकी रीतीत भागाकारच नसल्याने ही दुसरी आपत्ती टळते. पहिलीसाठी क्ष व य यांची अदलाबदल केली जाते. पातळीचे आठ समान भाग कल्पून प्रत्येक अष्टमांशातील रेषा पहिल्या अष्टमांशात आणण्याची ही युक्ती होय. अष्टमांशांच्या सीमेवरील रेषा, म्हणजे आडव्या, उभ्या व नेमक्या ४५ अंशांच्या रेषा, कोणत्या भागात धरावयाच्या हे मात्र स्पष्टपणे ठरवावे लागते. अन्यथा त्या वगळल्या जाण्याचा किंवा दोनदा काढल्या जाण्याचा धोका असतो.

कडेबाहेरील रेषा : आलेखकाच्या कागदापेक्षा मोठी आकृती क्वचितच काढली जाई, परंतु विमानोड्डाणाच्या आभासी दृश्यात धावपट्टीच्या कडा सतत पडद्याबाहेर, किंबहुना पाहणाऱ्याच्या पाठीमागेही जातात. १९६७ मध्ये डॅनी कोहेन व सदरलँड यांनी अशा उड्डाणदर्शनाच्या कामात रेषेच्या छाटणीची रीत तयार केली. विल्यम न्यूमन व रॉबर्ट स्प्रोल यांच्या १९७३ मधील पाठ्यपुस्तकामुळे ती सर्वत्र परिचित झाली. तीत पडद्याच्या चार कडा वाढवून पातळीचे नऊ विभाग पाडतात आणि प्रत्येक अंत्यबिंदूस चार अंकांचे संकेतचिन्ह देतात. दोन्ही टोके आत असल्यास रेषा पूर्ण घेतात, दोन्ही टोके एकाच कडेपलीकडे असल्यास पूर्ण वगळतात आणि इतर प्रसंगी एकेका कडेवर ती छाटतात. या रीतीचा एक गुण सहज ध्यानात येत नाही. वरच्या कडेवर छाटणी तेव्हाच होते, जेव्हा एक टोक त्या कडेच्या वर असून दुसरे तसे नसते. म्हणजेच दोन्ही टोकांचे य-सहनिर्देशक भिन्न असतात. त्यामुळे आडव्या रेषेसाठी शून्याने भागण्याची वेळ येतच नाही. ल्यांग व बार्स्की यांच्या १९८४ मधील अधिक वेगवान रीतीत मात्र कडेला समांतर असलेल्या रेषेची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

छाटणीमुळे एक सूक्ष्म दोषही उद्भवतो. (०,०) पासून (९,२) पर्यंतच्या रेषेवर क्ष ३ असताना य चे मूल्य दोन-तृतीयांश येते व (३,१) हा बिंदू उजळतो. हीच रेषा क्ष २ येथे छाटली, तर छेदनबिंदूचा य-सहनिर्देशक सु. ०·४४ येऊन पूर्णांकात शून्य होतो. आता (२,०) पासून (९,२) पर्यंत नवी रेषा काढल्यास क्ष ३ येथे य सु. ०·२९ येतो व (३,१) ऐवजी (३,०) उजळतो. म्हणजे छाटणीने रेषा केवळ आखूड झाली नाही, तर किंचित वळलीही. पडद्याचा एखादा भाग झाकून पुन्हा उघडला आणि तेवढाच भाग नव्याने काढला, तर जुना व नवा तुकडा सांध्यावर जुळत नाही. यासाठी नवी रेषा न कल्पिता मूळ रेषेचीच निर्णयसंख्या छाटणीच्या ठिकाणी किती असेल, ते काढून तेथून पुढे जावे लागते.

समान अंतराचा प्रसंग : झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये आल्टो हा संगणक तयार झाला. त्याच्या पडद्यावरील ६०६ × ८०८ चित्रबिंदूंपैकी प्रत्येकास स्मृतीत एक द्विमान अंक दिलेला होता. अशा पडद्यांचा प्रसार झाल्यावर रेषा काढणे व पुसणे ही रोजची क्रिया झाली. तीसाठी रेषेवरील प्रत्येक चित्रबिंदूची स्थिती उलट करण्याची युक्ती वापरली जाई. हीच क्रिया पुन्हा केली की खालचे चित्र जसेच्या तसे परत येते.

ही युक्ती दोन्ही वेळी नेमके तेच बिंदू निवडले गेले तरच यशस्वी होते. (०,०) पासून (४,२) पर्यंतची रेषा क्ष १ व क्ष ३ येथे दोन चित्रबिंदूंच्या बरोबर मध्यातून जाते. निर्णयसंख्या शून्य झाल्यास तिरपे पाऊल टाकावे, असा नियम असेल, तर डावीकडून काढलेल्या रेषेत (१,१) व (३,२) हे बिंदू येतात; तीच रेषा उजवीकडून काढल्यास त्यांऐवजी (१,०) व (३,१) येतात. परिणामी एका बाजूने काढलेली व दुसऱ्या बाजूने पुसलेली रेषा चार चुकार ठिपके मागे ठेवते. उतार अतिसंक्षिप्त अपूर्णांकात मांडला असता छेद सम असेल, तरच हा प्रसंग येतो. म्हणून चाचणीत तो सहज निसटतो व वापरणाऱ्यास मात्र गाठतो.

यावर दोन उपाय रूढ झाले. प्रत्येक रेषा डावीकडूनच काढणे हा पहिला उपाय. मात्र त्यामुळे तुटक रेषेतील खंडांचा क्रम उलटतो आणि आलेखकाच्या लेखणीस रिकामा फेरा पडतो. निर्णयसंख्या शून्य असताना कोणते पाऊल टाकावयाचे हे रेषेच्या दिशेनुसार बदलणे हा दुसरा उपाय असून तो अधिक सोयीचा ठरला.

टोके व सांधे : बहुभुजाच्या दोन लगतच्या बाजूंना एक शिरोबिंदू सामाईक असतो. दोन्ही बाजू टोकांसह काढल्या व वर सांगितलेली स्थिती उलट करण्याची युक्ती वापरली, तर शिरोबिंदू दोनदा उलटून तेथे छिद्र पडते. दोन्ही टोके वगळली, तरी छिद्रच पडते. म्हणून पहिला बिंदू घ्यावयाचा व शेवटचा सोडावयाचा, असा अर्धखुला संकेत पुष्कळ ठिकाणी स्वीकारला गेला. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज प्रणालीतील रेषालेखन फलन अंत्यबिंदूपर्यंत जाते, परंतु तो बिंदू काढत नाही. या संकेताची किंमतही आहे. सुटी रेषा अपेक्षेपेक्षा एका चित्रबिंदूने आखूड राहते आणि शून्य लांबीची रेषा दिसतच नाही. एका प्रणालीतून दुसरीत नेलेल्या आज्ञावलीत आकृतीचा कोपरा अपुरा राहण्याचे कारण बहुधा हेच असते.

रेषेस जाडी दिल्यावर टोकाचा आकार हा नवा प्रश्न उभा राहतो. ॲडोबी कंपनीने १९८४ मध्ये आणलेल्या पोस्टस्क्रिप्ट या पृष्ठवर्णन भाषेत टोक सपाट, गोल किंवा पुढे आलेले चौरस असे तीन प्रकारचे ठेवता येते. दोन जाड रेषा अगदी लहान कोनात मिळाल्यास त्यांचा टोकदार सांधा भाल्याप्रमाणे दूरवर वाढतो. म्हणून सांध्याच्या लांबीचे जाडीशी असलेले गुणोत्तर मर्यादित केले आहे. ही मर्यादा एरवी १० धरली जाते, म्हणजे कोन सु. ११ अंशांहून लहान असल्यास टोक छाटले जाते.

शून्य लांबीच्या जाड रेषेबाबतचे मतभेद उद्‌बोधक आहेत. गोल टोकाची अशी रेषा म्हणजे वर्तुळाकृती ठिपका आणि सपाट टोकाची रेषा म्हणजे काहीच नाही, याविषयी एकमत दिसते. चौरस टोकाचे काय, हा प्रश्न उरतो. रेषेस लांबीच नसल्याने दिशा नाही व दिशा नसल्याने चौरस कसा ठेवावयाचा हे ठरत नाही. म्हणून पोस्टस्क्रिप्टच्या नियमानुसार काहीच काढले जात नाही. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये विकसित झालेल्या एक्स विंडो प्रणालीच्या १९८७ मधील अकराव्या आवृत्तीने मात्र सहनिर्देशक अक्षांना समांतर असा चौरस काढावा, असे ठरविले. दोन्ही निर्णय समर्थनीय आहेत. पण ते भिन्न आहेत.

संख्यांची मर्यादा : पूर्णांकी गणितालाही सीमा असते. एक्स प्रणालीत सहनिर्देशक १६ द्विमान अंकांत लिहितात व त्यामुळे ते –३२,७६८ ते ३२,७६७ या पल्ल्यात असतात. दोन टोकांमधील अंतर ६५,५३५ पर्यंत जाऊ शकते व ते तेवढ्याच अंकांच्या चिन्हयुक्त संख्येत मावत नाही. निर्णयसंख्येत तर ते दुप्पट होते. गणित अधिक अंकांच्या संख्यांत न केल्यास धन अंतर ऋण होते आणि रेषा भलत्याच दिशेस धावते.

दंतुरता : प्रत्येक चित्रबिंदू केवळ काळा किंवा पांढरा असल्यास तिरपी रेषा पायऱ्यांसारखी दिसते. शिवाय ४५ अंशांची रेषा तेवढेच बिंदू असलेल्या आडव्या रेषेहून सु. ४१ टक्के लांब असल्याने फिकट भासते. फ्रँकलिन क्रो यांनी १९७७ मध्ये या दंतुरतेची मीमांसा केली. रेषेपासूनच्या अंतरानुसार चित्रबिंदूस मधली छटा देण्याच्या कार्यक्षम रीती गुप्ता व स्प्रोल यांनी १९८१ मध्ये आणि झिआओलिन वू यांनी १९९१ मध्ये मांडल्या. छटांमुळे समान अंतराचा प्रश्न सौम्य होतो, कारण दोन्ही बिंदूंना निम्मा उजेड देता येतो. परंतु टोकांचा प्रश्न तीव्र होतो. दोन रेषांच्या सामाईक टोकावर छटा दोनदा पडून तेथे गडद ठिपका दिसू लागतो.

प्रमाणीकरण : या सर्व प्रसंगांचा साकल्याने विचार १९८० नंतरच्या दशकात होऊ लागला. मूळ रीत प्रसिद्ध झाल्यावर २२ वर्षांनी, १९८७ मध्ये, स्वतः ब्रेझनहॅम यांनी चित्रबिंदूंच्या रेषालेखनातील संदिग्धता याच विषयावर लेख प्रसिद्ध केला, ही गोष्ट सूचक आहे. त्याच वर्षीच्या एक्स प्रणालीच्या नियमांत एक व्यवहार्य तडजोड आढळते. सर्वांत बारीक रेषेसाठी कोणती रीत वापरावी हे यंत्र बनविणाऱ्यांवर सोडले. परंतु दोन अटी घातल्या. रेषा आहे तशी दुसरीकडे सरकविली असता बिंदूंची मांडणी बदलता कामा नये आणि छाटणीमुळे कोणते बिंदू रेषेवर आहेत यात फरक पडता कामा नये. उलट दिशेने काढलेली रेषा तीच यावी हे जाड रेषांसाठी बंधनकारक, तर बारीक रेषांसाठी केवळ इष्ट मानले.

सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने पुढाकार घेऊन १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओपनजीएल या प्रमाणात याहून काटेकोर व्याख्या आहे. प्रत्येक चित्रबिंदूच्या केंद्राभोवती शंकरपाळ्याच्या आकाराचा चौरस कल्पितात. रेषा त्या चौरसातून बाहेर पडली, तरच तो चित्रबिंदू उजळतो. ज्या चौरसात रेषा संपते त्यातून ती बाहेर पडत नसल्याने शेवटचा बिंदू आपोआप वगळला जातो व जोडरेषांतील सामाईक बिंदू एकदाच येतो. टोक चौरसाच्या नेमके सीमेवर असल्यास ते एका दिशेने अत्यल्प व दुसऱ्या दिशेने त्या अत्यल्पाच्या वर्गाएवढे सरकलेले आहे, असे मानावयाचे. त्यामुळे सीमेवरील प्रसंगच उरत नाही. यंत्ररचनाकारांना इतर रीतींची मुभा असली, तरी प्रमाण उत्तरापासून कोणताही बिंदू क्ष किंवा य दिशेस एका एककाहून अधिक ढळता कामा नये आणि बिंदूंच्या एकूण संख्येत एकाहून अधिकचा फरक पडता कामा नये, असे बंधन आहे.

पुढे चित्रणासाठी स्वतंत्र प्रक्रियक प्रचारात आल्यावर रेषा म्हणजे एक अरुंद आयत, असे मानण्याकडे कल वाढला. तथापि अभियांत्रिकी आराखड्यांच्या कामात जुन्या रेषेची गरज कायम राहिली. व्हल्कन या २०१६ मधील प्रमाणास २०१९ मध्ये जोडलेल्या पुरवणीत आयताकृती रेषेबरोबर ब्रेझनहॅम रेषेचाही पर्याय नावाने नोंदविण्यात आला.

महत्त्व : चित्रबिंदू अतिशय सूक्ष्म झाल्याने वरीलपैकी काही दोष आता डोळ्यांस जाणवत नाहीत, परंतु मोजणी, छेदन किंवा खोदकाम करणाऱ्या यंत्रांस व चित्रांची तुलना करणाऱ्या आज्ञावलींस ते जाणवतात. रेषालेखनाच्या इतिहासावरून एक व्यापक गोष्ट स्पष्ट होते. भूमितीतील अखंड आकृती यंत्राच्या खंडित जगात आणताना सर्वसाधारण प्रसंग सूत्राने सुटतो, सीमेवरील प्रसंग मात्र कोणीतरी निश्चित करून लिहून ठेवावा लागतो. अनेकदा कोणता संकेत स्वीकारला यापेक्षा तो सर्वांनी सारखाच पाळणे अधिक महत्त्वाचे ठरते. कारण दोन रेषांचा सांधा जुळणे हे प्रत्येक रेषेच्या स्वतंत्र अचूकतेवर नव्हे, तर दोहोंनी एकच नियम पाळण्यावर अवलंबून असते.